तक्रार येण्याआधी

भंडारा जिल्ह्यात बहुतेक घरांत पैसा येतो तो एकदम येतो. धान चुरून, वाळवून केंद्रावर मोजून दिला की चुकाऱ्याची वाट पाहणे सुरू होते. चुकारा खात्यात पडला की कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे कर्ज, किराणा दुकानाची वही, आणि त्यातून उरेल ते लेकीच्या लग्नाला किंवा पुढच्या रोवणीला. वैनगंगेकाठी गोसेखुर्दच्या पाण्याखाली ज्यांची शेते-घरे गेली, त्यांना जमिनीचा मोबदलाही असाच एकरकमी मिळाला. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होणाऱ्याचा फंड एकाच दिवशी जमा होतो. जन्मभर हजारांत हिशेब केलेल्या माणसाजवळ एका सकाळी लाखांची रक्कम असते, आणि ती कुठे ठेवावी हे विचारायला जवळ कुणी नसते.

एजंटला मात्र ही बातमी लगेच कळते. तो बहुधा नात्यातला असतो. साळ्याचा मुलगा, गावच्या शाळेतला जुना विद्यार्थी, बचत गटाच्या बैठकीला येणारी वहिनी. "काकाजी, बँक देऊन देऊन काय देते? आपल्या कंपनीत साडेपाच वर्षांत डबल. मी स्वतः माझ्या बाबाचे टाकले." शेवटचे वाक्य बहुतेक वेळा खरे असते आणि म्हणूनच ते पटते. एजंटने आपल्या बापाचे पैसे खरोखर टाकलेले असतात.

घराच्या फळीवर मग एक प्लास्टिकची पिशवी जमा होते. तिच्यात छापील पावत्या, कंपनीच्या बोधचिन्हाचे चकचकीत प्रमाणपत्र, एजंटने हाताने भरलेले लहान पासबुक, कंपनी निबंधकाकडच्या नोंदणीची झेरॉक्स. त्या झेरॉक्सवर सरकारी शिक्का असतो, म्हणून घरचे लोक तिला सरकारी हमी समजतात. ती फक्त कंपनीच्या जन्माची नोंद आहे. लोकांकडून ठेवी घेण्याचा परवाना तिने मिळत नाही. मल्टिस्टेट पतसंस्थेच्या पाटीचेही तसेच. बँक बुडाली तर ठेवीवर पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. हा फरक पाटीवर कुणी लिहीत नाही.

अशा पिशव्या विदर्भात किती घरांत आहेत, याचा अंदाज दोन नावांवरून येतो. पर्ल्स, म्हणजे पीएसीएल, ही कंपनी जमिनीच्या तुकड्याच्या नावाखाली हप्ते गोळा करत होती. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने तिला सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. देशभरातले गुंतवणूकदार साडेपाच कोटींहून जास्त होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या समितीकडे मालमत्ता विकून पैसे वाटण्याचे काम सोपवले, आणि परतफेड लहान रकमांपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. सहाराच्या चार सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पाच हजार कोटी रुपये मोकळे केले, जुलैमध्ये पोर्टल उघडले, आणि सुरुवातीला एका माणसाला मिळाले जास्तीत जास्त दहा हजार. शेजारच्या नागपुरात २०१३ साली श्रीसूर्या आणि २०१४ साली वासनकर या गुंतवणूक कंपन्यांच्या प्रकरणांत गुन्हे नोंदवले गेले. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे दार त्यानंतर बंद झाले. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रात संचालकाच्या अटकेचा फोटो येतो, आणि लोकांना वाटते की कायद्याने आपले काम केले. ठेवीदाराचे काम त्या दिवशी कुठे सुरू होते.

या सगळ्यात लोकांचा वकील कोण, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा महाधिवक्ता ग्राहकांच्या वतीने स्वतः कोर्टात जातो. १९९८ साली ४६ राज्यांच्या महाधिवक्त्यांनी मिळून सिगारेट कंपन्यांना करारावर सह्या करायला लावल्या. आपल्याकडे राज्यघटनेच्या १६५व्या अनुच्छेदाने महाधिवक्ता दिला आहे, पण तो सरकारचा सल्लागार आणि सरकारचा वकील. साकोलीच्या ठेवीदारासाठी तो उभा राहत नाही. हे काम आपण अनेक टेबलांवर वाटून टाकले आहे: पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा, जिल्हाधिकारी, सक्षम प्राधिकारी म्हणून नेमलेला उपजिल्हाधिकारी, सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक, वैधमापनशास्त्राचा निरीक्षक, कृषी खात्याचा बियाणे निरीक्षक, ग्राहक आयोग, विधी सेवा प्राधिकरण, आणि शेवटी सरकारी वकील. प्रत्येकाकडे थोडा अधिकार आहे. पण सुरुवात कुणी करायची, हे कुठेच ठरलेले नाही.

यातला सर्वांत धारदार कायदा महाराष्ट्राचा स्वतःचा आहे. १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा कायदा, कोर्टाच्या आवारात ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. ठेव बुडवणाऱ्याला सहा वर्षांपर्यंत कैद हा त्याचा एक भाग. खरा भाग मालमत्तेचा आहे. पोलीस तपासात जमिनी, फ्लॅट, खाती, गाड्या शोधतात. प्रस्ताव मंत्रालयात गृह विभागाकडे जातो. जप्तीची अधिसूचना निघते. सक्षम प्राधिकारी तीस दिवसांच्या आत नियुक्त न्यायालयात अर्ज करून ती जप्ती कायम करून मागतो. मग लिलाव होतो आणि ठेवीदारांना त्यांच्या रकमेच्या प्रमाणात वाटप होते. फक्त कंपनीचीच नाही, तर संचालक, भागीदार, व्यवस्थापक यांची मालमत्ताही जप्त होऊ शकते. पैसे बायकोच्या किंवा मेहुण्याच्या नावावर फिरवले असतील तर तिथपर्यंतही न्यायालयाचा हात पोचतो. सरकारची बाजू मांडायला किमान दहा वर्षे वकिली केलेला विशेष सरकारी वकील नेमण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

हा कायदा टिकवण्यासाठीही झगडावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला होता. २०११ मध्ये तमिळनाडूच्या तशाच कायद्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मत अमान्य केले, आणि महाराष्ट्राचा कायदा पुन्हा उभा राहिला. एप्रिल २०२२ मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात ‘ठेव’ या शब्दाचा अर्थ किती रुंद आहे हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले: ठरलेल्या मुदतीनंतर किंवा अन्य प्रकारे परत करायच्या बोलीवर घेतलेला पैसा किंवा मौल्यवान वस्तू. मे २०२५ मध्ये त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट ठरली. या कायद्याखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर, ती तारण घेणाऱ्या बँकेला ठेवीदारांच्या आधी हक्क सांगता येणार नाही. हे निर्णय चांगले आहेत. पण ते एक्स्चेंज बंद पडले ३१ जुलै २०१३ ला. सुमारे तेरा हजार गुंतवणूकदार, सुमारे ५,६०० कोटी रुपये, मुंबईतले मोठे वकील, आणि तरी कुणाचा हक्क आधी हे ठरायला जवळपास बारा वर्षे लागली. लाखनीच्या निवृत्त शिक्षकाकडे तेवढी वर्षे असतात का?

इथे मला या कायद्याच्या चौथ्या कलमाकडे बोट दाखवायचे आहे. सरकारने जप्ती केव्हा करावी, हे ते कलम सांगते. अनेक ठेवीदारांच्या तक्रारी आल्यावर, आणि त्यापुढे दोन शब्द आहेत ज्यांचा अर्थ ‘किंवा अन्यथा’ असा होतो. म्हणजे तक्रार नसतानाही, दुसऱ्या मार्गाने सरकारची खात्री पटली तरी. त्याच कलमात पुढे आहे की संस्था ठेवीदारांना फसवण्याच्या हेतूने, त्यांच्या हिताविरुद्ध जाणूनबुजून वागत आहे असे मानायला कारण असले तरी सरकार पाऊल उचलू शकते. पैसे बुडेपर्यंत थांबण्याची सक्ती कायद्याने केलेली नाही.

केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा तर त्याही पुढे जातो. नियामकाकडे नोंद नसलेल्या योजनेत पैसे टाकायला बोलावणे हाच गुन्हा, एक ते पाच वर्षांची कैद. ठेव स्वीकारली तर दोन ते सात वर्षे. बुडवली तर तीन ते दहा. म्हणजे गावच्या समाजमंदिरात प्रोजेक्टर लावून, जेवण देऊन योजनेची सभा भरली, त्या दिवशीच गुन्हा घडलेला असतो. त्या सभेत कुणाचा एक रुपयाही बुडालेला नसतो.

मग त्या सभेनंतर कुणी का येत नाही? मी या प्रश्नावर खूप विचार केला आहे, आणि माझे उत्तर हे की दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत बसतात. अधिकारी म्हणतात, तक्रार द्या. लोक म्हणतात, अजून व्याज येत आहे, तक्रार कशाची देणार? पहिली दोन-तीन वर्षे व्याज येतेच, कारण नव्या ठेवीतून जुन्याला देणे हेच अशा योजनेचे चाक आहे. ज्या दिवशी व्याज थांबते त्या दिवशी एजंट सांगतो, "काकाजी, गप्प राहा. कोणी पोलिसात गेलं तर खाती सील होतील, मग सगळ्यांचेच अडकतील." त्याला वरून तसेच सांगायला लावलेले असते. त्यात नाते असते. तक्रार म्हणजे साळ्याच्या पोराला हातकड्या. त्यात लाज असते. शिकलेला माणूस, गावाला सल्ला देणारा, तोच फसला हे चारचौघांत कसे सांगायचे? अशी सहा महिने, वर्ष, दीड वर्ष जातात. या काळात संचालकांच्या जमिनी विकल्या जातात, खाती रिकामी होतात. आर्थिक गुन्हे शाखा येते तेव्हा कपाटे उघडी आणि रिकामी असतात. जप्तीचा अधिकार कितीही मोठा असला तरी जप्त करायला काही शिल्लक लागते.

एजंटांबद्दलही एक गोष्ट बोलायला हवी. गुन्हा नोंदवला की सर्वांत आधी हाती लागतो तो गावचा एजंट, कारण तो पळून गेलेला नसतो. त्याचे घर तिथेच असते. त्याने कमिशन खाल्ले, ही गोष्ट खरी. पण त्याच्या डायरीत कोणाकडून किती, कोणत्या तारखेला घेतले आणि कोणत्या शाखेत भरले याची नोंद असते, आणि सरकारी वकिलाला न्यायालयात त्याच नोंदीची गरज असते. व्याज थांबल्याच्या पहिल्या महिन्यात जो एजंट ती डायरी घेऊन स्वतः पोलीस अधीक्षक कार्यालयात येईल, त्याला माफीचा साक्षीदार करण्याचा विचार तपास अधिकाऱ्याने आणि सरकारी वकिलाने मोकळेपणाने करावा. आज त्याला दोनच वाटा दिसतात, गप्प राहणे किंवा गाव सोडणे, आणि दोन्हींत डायरी नाहीशी होते.

तक्रारीला मुदत असते हे लोकांना सावकारीच्या बाबतीतही माहीत नसते. इथे मात्र मुदत लोकांच्या बाजूची आहे. परवाना नसलेल्या सावकाराने पैसे देताना गहाणखत न करता शेतीचे सरळ खरेदीखत करून घेतले, आणि तोंडी सांगितले की फेडले की परत लिहून देतो. असे व्यवहार धानाच्या पट्ट्यात जुने आहेत. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने जिल्हा उपनिबंधकाला यात थेट अधिकार दिला आहे. सावकारीच्या व्यवहारातून पंधरा वर्षांच्या आत गेलेली जमीन असेल तर तो चौकशी करून ते खरेदीखत अवैध ठरवू शकतो आणि जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश काढू शकतो. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला नऊ आणि विनातारण कर्जावर बारा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. गावात चालणारा महिना पाच टक्क्यांचा दर म्हणजे वर्षाचे साठ टक्के. उपनिबंधकाचे हे कार्यालय दिवाणी कोर्ट नाही, आणि तिथे अर्ज करायला आधी दावा लावावा लागत नाही. तरी लोक आयुष्यातली वर्षे दिवाणी दाव्यात घालवतात, कारण गावात कुणीच त्यांना या दाराचा पत्ता सांगितलेला नसतो.

बियाण्याचे प्रकरण वेगळे, पण मुदतीची गोष्ट तिथेही आहे. पऱ्हे टाकले आणि उगवलेच नाही, किंवा रोवणी झाल्यावर एका बांधीत दोन जातींची रोपे दिसली, अर्धी आधी निसवली आणि अर्धी हिरवीच, तर हंगाम हातचा गेला. कंपन्यांचा जुना बचाव असा होता की बियाणे कायदा १९६६ चा, तिथे जा; ग्राहक मंचात शेतकऱ्याचे काय काम, आणि तपासायला बियाण्याचा नमुना कुठे आहे? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये, राष्ट्रीय बीज निगमाच्या विरोधातल्या आंध्रच्या शेतकऱ्यांच्या खटल्यात, हा बचाव मोडून काढला. बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे, आणि सगळे बियाणे पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा ही अपेक्षा धरता येत नाही. पण उभे पीक दाखवायचे तर पीक उभे असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा लागतो, तालुक्याच्या समितीने बांधावर येऊन पंचनामा करावा लागतो. कापणीनंतर दिलेला अर्ज पावती, पिशवी आणि टॅग असूनही लंगडा पडतो.

खरेदी केंद्रावरच्या मापाची तक्रार तर दर हंगामात कानावर येते. चाळीस किलोच्या कट्ट्यामागे एक किलो जास्तीचे मोजून घेतले, तर शंभर कट्ट्यांत एक क्विंटल जातो. २०२५-२६ च्या साधारण धानाच्या हमीभावाने ते २,३६९ रुपये. धान विकणारा शेतकरी कायद्याच्या भाषेत ग्राहक नाही, म्हणून ग्राहक आयोगाचे दार इथे उपयोगी नाही. इथे वैधमापनशास्त्राचा निरीक्षक लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी पडताळणी झालेली असावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र केंद्रावर लावलेले असावे लागते. मोजणीला उभे राहण्याआधी ते प्रमाणपत्र पाहायला मागणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे.

आणि आता मोबाइलची फसवणूक, जिथे मुदत तासांत मोजायची असते. पोलिसाच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करतो. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर मदतवाहिनीवर फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येते. ती पहिल्या खात्यातून तासाभरात पाच-सात खात्यांत फुटते, म्हणून सकाळपर्यंत थांबणे म्हणजे ती सोडून देणे. बँकेलाही त्याच वेळी लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. ओटीपी स्वतः सांगून बसलेल्याचे तसे नसते. पण त्यानेही बँकेला कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेच्या माथी. कळवल्याची वेळ म्हणूनच महत्त्वाची.

ती पाच-सात खाती कोणाची असतात, याकडे आपल्या पोरांच्या आईबापांनी नीट बघावे. महिन्याला दोन-चार हजारांच्या आशेने आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याला ‘भाड्याने’ देणारी कॉलेजची मुले ही त्या चोरीची वाहतूक करणारी पहिली फळी आहे. गुन्हा नोंदवला जातो तो खातेदाराच्या नावावर. ज्याने खाते घेतले त्याचे नाव त्या मुलाला माहीतही नसते.

अडवलेले पैसे परत मिळवायची वाटही आता थोडी सरळ झाली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०७व्या कलमानुसार गुन्ह्यातून आलेली मालमत्ता न्यायालय जप्त करू शकते, आणि ती गुन्ह्याने नुकसान झालेल्यांत साठ दिवसांत प्रमाणशीर वाटण्याचे काम जिल्हाधिकाऱ्याला देऊ शकते. एमपीआयडीच्या लांब वाटेच्या बाजूला ही जवळची पायवाट आहे. भंडाऱ्यात तपास अधिकाऱ्यांनी आणि सरकारी वकिलांनी ती किती वेळा धरायला न्यायालयाला विनंती केली, हे लोकप्रतिनिधींनी जिल्हा नियोजनाच्या बैठकीत विचारावे.

ग्राहक आयोगाबद्दल थोडक्यात. भंडाऱ्याचा जिल्हा आयोग पन्नास लाखांपर्यंतच्या मोबदल्याची तक्रार घेतो, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय दिल्लीला असले तरी मोहाडीच्या माणसाला दिल्लीला जावे लागत नाही. मुदत दोन वर्षांची. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद होऊ शकते. पण आयोगावर माणसे हवीत. सदस्यांच्या नेमणुकीचे केंद्राचे नियम उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सप्टेंबर २०२१ मध्ये रद्द केले; याचिका नागपूरच्याच एका वकिलाची होती. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि नेमणुकीसाठी लेखी परीक्षा सांगितली. नियम सुधारायला दीड वर्ष लागले, आणि रिकाम्या खुर्चीसमोरच्या तारखा ग्राहकाने झेलल्या.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जिची आठवण फार कमी वेळा होते. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करण्याचा अधिकार राज्य सरकारलाही आहे. अनेक ग्राहकांचे एकत्र नुकसान होत असेल तर सरकार स्वतः फिर्यादी म्हणून उभे राहू शकते. केंद्र सरकारने १९८६ च्या कायद्याखालचा असाच अधिकार पहिल्यांदा वापरला तो २०१५ साली, मॅगी प्रकरणात, म्हणजे कायदा होऊन तीस वर्षे होत आल्यावर. २०२४ मध्ये राष्ट्रीय आयोगाने ती तक्रार फेटाळली. एकदा हरले म्हणून अधिकार टाकाऊ ठरत नाही. एकाच कंपनीच्या बियाण्याने एका तालुक्यातल्या दोनशे शेतकऱ्यांच्या बांधी फसल्या, तर दोनशे गरीब माणसांनी दोनशे अर्ज करण्यापेक्षा सरकारने एक तक्रार करावी. त्या दोनशे जणांच्या पंचनाम्यांची फाइल कृषी खात्याच्याच कपाटात असते!

जिल्हाधिकाऱ्यालाही याच कायद्याच्या सोळाव्या कलमाने ग्राहकहक्कांचा भंग, अनुचित व्यापार आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणाला अहवाल पाठवता येतो. तक्रार साध्या ई-मेलनेही चालते. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्षही तेच असतात. त्या परिषदेच्या प्रत्येक बैठकीत एक विषय कायमचा ठेवावा असे मला वाटते: गेल्या तीन महिन्यांत जिल्ह्यात कोणत्या नव्या ठेव योजनांच्या सभा झाल्या. पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, आशाताई यांना ते माहीत असते. रिझर्व्ह बँकेचे ‘सचेत’ हे संकेतस्थळ तर अशाच माहितीसाठी २०१६ पासून उघडे आहे, आणि राज्यपातळीवर तिची छाननी करणारी समन्वय समितीही आहे. गावातून माहिती वर गेली पाहिजे, आणि वरून कुणीतरी ‘किंवा अन्यथा’ वाचले पाहिजे.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना वर्षाला तीन लाखांची मर्यादा. बचत गटाच्या बाईने तिथे जाऊन अर्ज लिहून मागितला तर तो तिला लिहून मिळायला हवा.

अर्ज कसा असावा, तेही सांगतो. संशयास्पद योजनेची माहिती देताना कोणाचेही पैसे बुडाले असल्याची गरज नाही. योजनेचे नाव, सभा कुठे आणि कोणत्या तारखेला झाली, किती परतावा सांगितला, पावती कोणाच्या नावाने दिली, एवढे पुरे. पत्रकाचा किंवा मोबाइलवर आलेल्या संदेशाचा फोटो जोडावा. एक प्रत पोलीस अधीक्षकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, योजना पतसंस्थेची असेल तर एक जिल्हा उपनिबंधकांना. ग्रामसभेत ठराव करून पाठवला तर एकट्या माणसावर नात्यागोत्याचे दडपण येत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभा त्यासाठी हाताशी आहेत. मूळ पावती कुणालाही देऊ नये, एजंटला ‘नूतनीकरणासाठी’ तर मुळीच नाही. आणि प्रत्येक कार्यालयात आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. योजना पुढे बुडाली आणि ‘आम्हाला कुणी कळवलेच नाही’ असे उत्तर आले, तर सरकारी वकिलासमोर आणि न्यायाधीशासमोर ठेवायला तोच एक कागद असेल: अमुक तारखेला, पैसे बुडण्याच्या चौदा महिने आधी, या कार्यालयाला माहीत होते.